ग्रंथालयात विषय घेऊन जावे : ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

तालुक्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेताना शुल्काच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क आणि ग्रंथालय अनामत अशा दोन नोंदी असतात. पैसे भरले जातात. मात्र त्या बदल्यात पुढच्या तीन वर्षांत काय काय मिळू शकते, याची चौकशी फार थोडे विद्यार्थी करतात. बहुतेकांचा ग्रंथालयाशी संबंध परीक्षेआधी क्रमिक पुस्तक नेण्यापुरता आणि वर्तमानपत्रातल्या भरतीच्या जाहिराती पाहण्यापुरता राहतो. यात दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. गावच्या शाळेत पुस्तके अनेकदा कुलूपबंद कपाटात असतात आणि ग्रंथालय वापरायचे कसे, हा कोणत्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमातला धडा नसतो.

येथे एकच उदाहरण घेऊन सर्व पायऱ्या समजावून घेऊ. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘आमच्या तालुक्यातील कपाशीची शेती’ हा विषय मिळाला आहे, असे समजावे. ती ग्रंथालयात जाऊन “कपाशीच्या प्रकल्पाचे पुस्तक आहे का?” असे विचारील, तर तिला ‘नाही’ असेच उत्तर मिळेल आणि ते खरेही असेल, कारण त्या नावाचे पुस्तक कोणी लिहिलेले नाही. मात्र तिच्या प्रकल्पाला लागणारी बरीचशी माहिती त्याच इमारतीत चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. पुस्तकाचे नाव घेऊन जाणे आणि विषय घेऊन जाणे यांत एवढा फरक आहे.

पहिली पायरी : नोंदणी, नियम आणि वेळ

प्रवेश निश्चित झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच ओळखपत्र, शुल्काची पावती आणि छायाचित्र घेऊन ग्रंथालयात जावे आणि बी.टी. कार्ड (पुस्तके नेण्यासाठीचे कार्ड) करून घ्यावे. जुन्या पद्धतीत एका कार्डावर एक पुस्तक मिळते आणि पुस्तक परत येईपर्यंत कार्ड ग्रंथालयातच राहते. जेथे संगणकीकरण झाले आहे तेथे ओळखपत्रावरील बारकोडवरच देवघेव होते. कार्ड घेतानाच चार गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवाव्यात : एका वेळी किती पुस्तके मिळतात, किती दिवसांसाठी मिळतात, मुदत वाढवून घेता येते का आणि उशीर झाल्यास दररोज किती दंड लागतो. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की अनेक विद्यार्थी पंधरा-पंधरा दिवस महाविद्यालयाकडे फिरकत नाहीत आणि नेमकी त्याच काळात पुस्तकाची मुदत संपते. वेचणीला जाण्याआधी मुदत वाढवून घेतली, तर हा दंड टळतो.

वेळेचाही विचार आधीच करावा. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचला असेल आणि देवघेवीची खिडकी साडेतीननंतर बंद होत असेल, तर ग्रंथालयासाठी रिकामा तास ठरवून ठेवणे भाग आहे. उन्हाळ्यात अनेक ठिकाणी कामकाज सकाळी भरते; ती बदललेली वेळ सूचनाफलकावर पाहून घ्यावी.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाखेरीज आपल्या गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक वाचनालयाचेही सभासद व्हावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केलेली असते. ‘ड’ वर्गाचे गावातील वाचनालय दिवसातून मोजके तासच उघडे असते आणि तेथे एकच सेवक सर्व कामे पाहतो, हे गृहीत धरून जावे. वर्गणी आणि अनामत सहसा झेपण्यासारखी असते. वर्तमानपत्रे वाचण्यासाठी बहुधा सभासदत्वही लागत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी काही वाचनालयांनी स्वतंत्र अभ्यासिका चालवल्या आहेत. घरी शांत जागा नसलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकांइतकाच त्या खुर्चीचाही उपयोग असतो.

दुसरी पायरी : ग्रंथालयात काय काय असते

क्रमिक पुस्तके सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी एवढेच सांगणे पुरे की त्यांच्या प्रती मोजक्या असतात आणि सत्र सुरू होताच त्या संपतात. वर्षभरासाठी पुस्तकांचा संच देणारी पुस्तकपेढी आपल्या महाविद्यालयात आहे का, हे जुलैतच विचारावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाचीही पुस्तकपेढी योजना आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम यांच्या फाइली बहुतेक ग्रंथालयांत असतात, पण त्या समोर मांडलेल्या नसल्यामुळे मागाव्या लागतात.

खरी संपत्ती असते ती संदर्भ विभागात. येथील ग्रंथ घरी मिळत नाहीत, म्हणून विद्यार्थी त्यांच्याकडे पाहतही नाहीत. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड याच कपाटात असतात आणि कोणत्याही विषयाची सुरुवात तेथूनच करावी, असे माझे मत आहे. विश्वकोशातील ‘कापूस’ ही नोंद वाचल्यास पिकाचा इतिहास, जाती, लागवड, रोग-किडी आणि व्यापार यांचा आराखडा एका बैठकीत हाती येतो. शिवाय पुढे शोध घेताना कोणते शब्द वापरायचे, तेही कळते. नोंदीत नव्या घडामोडी नसतील, याचे भान मात्र ठेवावे. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली, गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. अशा गोष्टींसाठी जुना कोश उपयोगी पडत नाही, तेथे नियतकालिके पाहावी लागतात.

त्याच कपाटात, किंवा ते तेथे नसल्यास जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात, जिल्हा गॅझेटियर असते. जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, पिके, बाजारपेठा, लोकजीवन यांची एकत्रित माहिती त्यात असते. ब्रिटिश काळात, १९१० च्या आसपास वऱ्हाडातील जिल्ह्यांची जी इंग्रजी गॅझेटियरे निघाली, ती आता इंटरनेटवरही वाचता येतात. आपल्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी कपाशीची स्थिती काय होती, हे सांगणारा इतका सोपा आधार दुसरा नाही. जोडीला जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहावी. २०११ च्या पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या, शेतकरी आणि शेतमजूर यांची संख्या, तसेच गावातील सोयीसुविधा यांची कोष्टके आहेत. प्रकल्पात “आमच्या गावात बहुतांश लोक शेती करतात” असे मोघम वाक्य लिहिण्याऐवजी गावाचे नाव शोधून नेमका आकडा देता येतो आणि परीक्षकाला त्यातला फरक लगेच कळतो.

नियतकालिकांचा विभाग वेगळा असतो. चालू अंक मांडणीवर आणि जुने अंक बांधीव खंडांत असतात. कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’ची मराठी आवृत्ती ही नियतकालिके आपल्या उदाहरणातल्या विषयासाठी चाळावीत. सार्वजनिक वाचनालयात दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना असते. तिचा प्रकल्पाशी संबंध नाही, पण ज्याला चांगले मराठी वाचायचे आहे त्याने ती वर्गणी चुकवू नये.

तिसरी पायरी : कपाटापर्यंत पोहोचणे

अनेक ग्रंथालयांत पुस्तके शोधण्यासाठी एक संगणक ठेवलेला असतो. त्यावरील तालिकेला, म्हणजे पुस्तकांच्या यादीला, सर्वजण ओपॅक म्हणतात. महाविद्यालयांत प्रामुख्याने गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तयार केलेली ‘सोल’ ही प्रणाली किंवा ‘कोहा’ ही प्रणाली दिसते. लेखक, शीर्षक आणि विषय अशा तीन वाटांनी शोध घेता येतो. लेखकाच्या नावाने शोधताना आडनाव आधी टाकावे. मराठी पुस्तके शोधताना एका शब्दावर विसंबू नये : ‘कापूस’ टाकून काही मिळाले नाही, तर ‘कपाशी’, ‘कापसाचे’, ‘नगदी पिके’, ‘कृषी अर्थशास्त्र’ असे शब्द टाकून पाहावेत. काही ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत भरलेली असतात, तेव्हा त्या लिपीतही एकदा शोधावे. जेथे संगणक नाही तेथे तालिकापत्रांचा खणांचा पेटारा किंवा विषयवार नोंदवही असते. त्यांची पद्धत वेगळी असली, तरी तत्त्व हेच आहे.

तालिकेतून लिहून घ्यायचा असतो तो बोधांक. पुस्तकाच्या पाठीवर तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तोच छापलेला किंवा हाताने लिहिलेला असतो. वरच्या ओळीत विषय सांगणारा वर्गांक असतो आणि खाली बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरे असतात. आतील दाखल क्रमांक वेगळा. तो शेतजमिनीच्या गट क्रमांकासारखा त्या एका प्रतीचा असतो. पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर बोधांक एकच आणि दाखल क्रमांक पाच असतात. देवघेवीच्या नोंदीत दाखल क्रमांक लागतो, कपाटात शोधताना बोधांक लागतो.

आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांतील वर्गांक मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीवर आधारलेले असतात. सर्व ज्ञानाचे दहा भाग करून त्यांना शंभराच्या पटीत अंक दिले आहेत : ३०० मध्ये सामाजिक शास्त्रे, ५०० मध्ये विज्ञान, ६०० मध्ये तंत्रज्ञान व उपयोजित शास्त्रे, ८०० मध्ये साहित्य, ९०० मध्ये इतिहास-भूगोल. मराठी साहित्य ८९१.४६ ला येते. त्यातही कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. हे अंक पाठ करण्याची गरज नाही. आपल्या विषयाचे दोन-तीन अंक ठाऊक असले, म्हणजे पुरे.

येथे दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास अडतात. पहिली अडचण दशांश चिन्हाची आहे. ६३३.५१ (कापूस) हा अंक ६३३.६ (ऊस वगैरे) च्या आधी येतो, नंतर नाही. चिन्हानंतरचा भाग ‘एकावन्न’ असा न वाचता ‘पाच, एक’ असा एकेक अंक वाचत जावे. कापसावरचे पुस्तक उसाच्या पुस्तकांनंतर शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो आणि पुस्तक हरवले आहे असे समजतो. रांग डावीकडून उजवीकडे वाचावी आणि एका कपाटाचा भाग वरून खालपर्यंत संपल्यावरच पुढच्या कपाटाकडे वळावे.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. विषय एकच असला, तरी त्याची पुस्तके एका जागी नसतात. कपाशीची लागवड ६३३.५१ ला मिळते, पण पिकांवरील किडी ६३२.७ च्या आसपास असतात, शेतीचे अर्थशास्त्र ३३८.१ ला म्हणजे पार दुसऱ्या कपाटात, आणि कापसाचे सूत व कापड ६७७.२१ ला. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीचा प्रकल्प अर्थशास्त्राचा असल्यामुळे तिने सुरुवात ३३८.१ पासून करून मग ६३३.५१ कडे जावे. उलट क्रमाने गेल्यास खताच्या मात्रा आणि दोन ओळींतील अंतर यांतच तिचा दिवस जाईल. मोर्शी-वरुडकडील विद्यार्थ्याने कपाशीऐवजी संत्रा घेतला, तर लागवडीसाठी ६३४.३१ पाहावे. बाकी वाट हीच आहे.

ज्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत, तेथे मागणीपत्रकावर बोधांक, लेखक आणि शीर्षक लिहून द्यावे लागते. अशा वेळी एकाऐवजी तीन पुस्तकांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहावीत, म्हणजे पहिले बाहेर गेलेले असले तरी फेरी वाया जात नाही. जेथे मुक्त प्रवेश आहे तेथे काढलेले पुस्तक वाचून झाल्यावर स्वतः परत न लावता टेबलावर ठेवावे. चुकीच्या जागी लावलेले पुस्तक पुढच्या वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते.

चौथी पायरी : पुस्तक नेण्यापूर्वी पारखणे

शीर्षकपानामागचे पान आधी उघडावे. त्यावर आवृत्ती आणि वर्ष असते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीचे करविषयक किंवा फौजदारी कायद्याचे पुस्तक परीक्षेसाठी नेल्यास नुकसान ठरलेले. इतिहासाला किंवा गणिताला मात्र जुनी आवृत्ती बहुधा चालते. त्यानंतर अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहावी. सूचीत आपल्या विषयाचे शब्द किती पानांवर आले आहेत हे पाहिले, की पुस्तक घरी नेण्यासारखे आहे की तेथेच दोन पाने वाचून भागेल, ते दहा मिनिटांत ठरते. प्रकरणांच्या शेवटी संदर्भांची यादी असेल, तर तिचा फोटो काढून घ्यावा. पुढची चार पुस्तके तेथेच सापडतात.

पाचवी पायरी : ग्रंथपालांना काय विचारावे

ग्रंथपाल सर किंवा मॅडम यांच्याशी विद्यार्थ्यांचे बोलणे बहुधा दंडापुरते असते. वास्तविक विषयावर मार्गदर्शन करणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे, आणि शेवटच्या एस.टी.वर डोळा ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते इतर कोणाहीपेक्षा अधिक लागू पडते. विचारताना मात्र प्रश्न नेमका असावा. “मॅडम, मी बी.ए. द्वितीय वर्षाला आहे. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी आपल्या तालुक्यातील कपाशीखालील क्षेत्र, उत्पादनखर्च आणि बाजारभाव यांची माहिती हवी आहे. विश्वकोश पाहिला आहे. मराठीत हवे, पण आकडे इंग्रजीत असले तरी चालतील. महिनाअखेर प्रकल्प द्यायचा आहे.” एवढे सांगितल्यावर समोरच्या व्यक्तीला पातळी, भाषा, मुदत आणि आधी काय पाहिले आहे, हे सर्व कळते. गर्दीच्या वेळी, म्हणजे मधल्या सुटीत, हे विचारू नये. देवघेव थांबल्यावर विचारावे.

सहावी पायरी : मोबाइलवरून मिळणारे ग्रंथालय

ग्रामीण विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोठा बदल येथे झाला आहे आणि सर्वांत कमी वापरही याचाच होतो. महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासद असेल, तर विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते आणि त्यावरून हजारो ई-नियतकालिके व ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. हे लॉगिन आपोआप मिळत नाही. नाव आणि ई-मेल देऊन ते ग्रंथालयाकडून तयार करून घ्यावे लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही ई-नियतकालिके उपलब्ध करून देणारी योजना शासकीय संस्थांसाठी आहे, तेव्हा आपले महाविद्यालय तिच्यात येते का, तेही त्याच वेळी विचारावे.

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांच्या विभागांत जाऊन विदर्भातील कापूस, सहकार, शेतकरी आत्महत्या, बचत गट अशा विषयांवरचे प्रबंध शोधावेत. प्रबंध उघडल्यावर तो एका फाइलीत नसून शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रम, प्रकरण पहिले, दुसरे अशा तुकड्यांत असल्याचे दिसते. सर्व फाइली उतरवून घेण्याची गरज नाही. आधी अनुक्रमाची फाइल पाहावी, मग जिल्ह्याची ओळख करून देणारे प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची एवढेच घ्यावे. डेटा वाचतो आणि कामही भागते. आयआयटी खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, विश्वकोशाचे संकेतस्थळ आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ऑनलाइन उपलब्ध असलेली पुस्तके यांचाही उपयोग करावा. गावात नेटवर्क धड नसेल, तर हवी ती प्रकरणे महाविद्यालयातच उतरवून ठेवावीत.

सातवी पायरी : जे येथे नाही ते मिळवणे

पुस्तक बाहेर गेले असल्यास आरक्षण नोंदवावे. ते ग्रंथालयातच नसल्यास मागणी नोंदवहीत लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि शक्य तर आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहावा. ही वही अनेक ठिकाणी कोरीच असते, त्यामुळे पुढच्या खरेदीच्या यादीत विद्यार्थ्यांच्या गरजा येत नाहीत. मोठ्या कामासाठी ग्रंथपालांकडून किंवा प्राचार्यांकडून शिफारसपत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाता येते. आपल्या उदाहरणातील विषयासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ही दोन ठिकाणे आहेत. जाण्याचे भाडे आणि अख्खा दिवस मोडणार असल्यामुळे आधी फोन करून वेळ, सुटी आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रवेश आहे का, याची खात्री करून घ्यावी. हव्या असलेल्या ग्रंथांची यादी लिहूनच निघावे.

आठवी पायरी : टिपणे आणि झेरॉक्स

टिपण काढताना आधी लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक लिहावा, मगच मजकूर लिहावा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील, तर त्यांना अवतरणचिन्हे तेव्हाच द्यावीत. आठवड्यानंतर वहीतले कोणते वाक्य आपले आणि कोणते पुस्तकातले, हे ओळखता येत नाही. खाजगी अभ्यासासाठी काही पानांची झेरॉक्स काढण्यास कायद्याची आडकाठी नाही. जुने बांधीव खंड मात्र यंत्रावर दाबल्यास शिवण उसवते, म्हणून त्यांचा परवानगीने मोबाइलवर फोटो काढावा.

नववी पायरी : परतफेड आणि नादेय प्रमाणपत्र

पुस्तक घेतानाच पाने फाटलेली किंवा कापलेली नाहीत ना, हे खिडकीपाशीच पाहावे आणि तसे आढळल्यास नोंद करून घ्यावी, नाहीतर भरपाई शेवटच्या वाचकाच्या नावावर पडते. पावसाळ्यात पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यावे. पुस्तक हरवल्यास लपवून दिवस वाढवण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी त्याच पुस्तकाची नवी प्रत किंवा किंमत घेतली जाते, आणि दंड मात्र कळवेपर्यंत चढत राहतो. परत करताना आपल्यासमोर नोंद खोडून घ्यावी आणि कार्ड परत घ्यावे.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर टी.सी. काढण्यासाठी ग्रंथालयाचे नादेय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, लागते. जूनमध्ये सर्वांची एकदम गर्दी होते, म्हणून शेवटचा पेपर झाल्यावर त्याच आठवड्यात पुस्तके जमा करून ते घ्यावे. त्याच वेळी प्रवेशाच्या वेळची पावती दाखवून अनामत परत मागावी. अर्जासोबत बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडावी आणि ठरावीक मुदतीनंतर रक्कम परत मिळत नाही असा नियम काही महाविद्यालयांत असल्यामुळे तो अर्ज टी.सी.च्या अर्जाबरोबरच द्यावा.